आमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे?

मंडळी, पर्यटन म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येते, माथेरान येते, वेरूळ-अजिंठ्याची लेणी येतात. थंड हवा, घाट, धबधबा, समुद्र, किल्ला, यांपैकी काही असेल तरच परगावचा माणूस पदरचे पैसे खर्चून येणार, असा आपला समज असतो. मग पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचा माणूस सहज बोलून जातो, "अहो, आमच्याकडं काय आहे बघायला? एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला माळ!" बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत हे वाक्य पारावर ऐकू येते, एस.टी.च्या थांब्यावर ऐकू येते, आणि खरे सांगायचे तर शाळेच्या ओसरीवरही ऐकू येते.

या वाक्यात खरे किती आणि सवयीचे किती, हे आज तपासून पाहू. तपासायचे म्हणजे नुसते कौतुक करायचे नाही. एखादी जमीन विकत घ्यायची झाली तर आपण काय करतो? माती हातात घेऊन पाहतो. विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहते ते विचारतो. शेतात जायला वाट आहे का, बांध कुणाचा, भाऊबंदकी आहे का, याची चौकशी करतो. मगच सौद्याला बसतो. एखाद्या भागात पाहुणा येईल का, आला तर गावाचे भले होईल का, हेही असेच पारखून घ्यावे लागते. त्यासाठी पाच साधे प्रश्न पुरेत. आपल्याकडे काय आहे? ते वर्षातून केव्हा असते? माणूस तिथे पोचणार कसा आणि थांबणार कुठे? त्याने दिलेला पैसा कुणाच्या हातात पडतो? आणि पाचवा, त्याच्या येण्याने आपल्या वस्तूची झीज किती होते?

प्रथम या मुलखाची ठेवण ध्यानात घेऊ. सह्याद्रीवर मुसळधार पडणारा पाऊस इथवर येईपर्यंत थकतो. वर्षाकाठी साधारण 500 मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तोही लहरी. दक्षिणेकडून नीरा वाहते, उत्तरेकडून आणि पूर्वेकडून भीमा. बारामती शहर कऱ्हेच्या काठी आहे, आणि ही कऱ्हा पुढे सोनगावजवळ नीरेला मिळते. इंदापूर तालुका भीमा आणि नीरा यांच्या बेचक्यात पाचरीसारखा बसलेला आहे आणि त्या पाचरीच्या टोकाला, नीरा-नरसिंहपूर येथे, दोन्ही नद्यांचा संगम होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, 1885 च्या सुमारास, नीरा डावा कालवा वाहू लागला आणि या मुलखाचे दोन भाग पडले. कालव्याखालचा तो बागायत, कालव्याच्या वरचा तो जिरायत. बागायतीत ऊस आला, साखर कारखाने आले, पैसा आला. जिरायतीत ज्वारी-बाजरी, मेंढरे आणि पावसाची वाट पाहणे राहिले. आपला विषय मुख्यतः या जिरायतीच्या कामाचा आहे, एवढे लक्षात ठेवा.

आता पहिला प्रश्न. आहे काय?

देवस्थानांपासून सुरुवात करू. अष्टविनायकांतला पहिला गणपती, मोरगावचा मयूरेश्वर, हा बारामती तालुक्यातला. चार कोपऱ्यांना चार मनोरे असलेले ते देऊळ आणि गणपतीपुढे बसलेला नंदी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. करंजे येथे सोमेश्वर आहे, श्रावणातल्या सोमवारी तिथे माणसांचा पूर लोटतो. शिर्सुफळला शिरसाई आहे आणि तिच्या राउळाच्या आवारात वानरांची वस्ती आहे. संगमावरचे लक्ष्मी-नृसिंहाचे देऊळ कितीतरी घराण्यांचे कुलदैवत आहे.

इतिहासाचे पाहू. 'पुणे-सुपे' ही शहाजीराजांची जहागीर आपण शाळेत शिकतो. त्यातले सुपे हे बारामती तालुक्यातच आहे, हे मात्र मुलांना सांगावे लागते! शहाजीराजांचे वडील मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले असे परंपरा सांगते, त्यांची गढी इंदापुरात दाखवतात. बारामतीत पेशव्यांचे आप्त आणि सावकार बाबूजी नाईक यांचा भक्कम वाडा आहे. त्यांच्याच आश्रयाने मोरोपंत इथे राहिले. पन्हाळ्यावर 1729 साली जन्मलेला हा कवी बारामतीचा झाला आणि 1794 साली बारामतीतच वारला. 'आर्याभारत' आणि 'केकावली' या कऱ्हेकाठी राहणाऱ्या माणसाच्या हातून उतरल्या. मराठी शिकवणाऱ्या गुरुजींना याहून जवळची सहल कोणती?

नंतर पाणी. भीमेवर उजनी धरण 1980 मध्ये पुरे झाले. भिंत सोलापूर जिल्ह्यात, पण फुगवट्याचे पाणी मागे इंदापूर तालुक्याच्या उत्तर अंगाला पसरले. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव या गावांच्या काठी हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. काही लोक त्यांना अग्निपंख म्हणतात, इंग्रजी नाव फ्लेमिंगो. उंच पाय, लांब मान, आणि पंख उघडले की आत गुलाबी-लाल रंग. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही इथे येतात. जवळच भादलवाडीच्या तळ्यातल्या झाडांवर चित्रबलाक घरटी करतात.

आणि मग माळ. ज्याला आपण पडीक म्हणतो, तोच. सुप्याजवळ 1997 मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झाले. क्षेत्र अवघे 5.14 चौरस किलोमीटर. तिथे चिंकारा ही नाजूक अंगाची हरणे राहतात. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे, तिथेही चिंकारा आहे, लांडगा आहे, खोकड आहे. दाट जंगलात वाघ पाहायला जाणारे पुष्कळ. पण उघड्या गवतावर धावणारा लांडगा पाहायला मिळावा अशा जागा देशात फार थोड्या उरल्या आहेत. पुण्यापासून गाडीने तीनएक तासांत अशा माळावर जाता येते, ही साधी गोष्ट नव्हे.

शेवटी शेती. बारामतीला 1971 पासून कृषी विकास प्रतिष्ठान काम करीत आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे, आणि जानेवारीत भरणाऱ्या 'कृषिक' प्रदर्शनाला जिल्ह्याजिल्ह्यांतून शेतकरी येतात. माळेगाव खुर्दला 2009 मध्ये एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पिकांना आणि जनावरांना दुष्काळ, उष्णता, खारी जमीन यांचा जो ताण बसतो, त्याचाच अभ्यास ती करते. म्हणजे आपल्या कोरडेपणाचा अभ्यास करायलाही माणसे इथे येतात! ठिबक बघायला, रोपवाटिका बघायला गाडी करून आलेला शेतकरी हाही पर्यटकच, बरं का. आपण त्याला तसे मोजत नाही इतकेच.

तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, वस्तू पुष्कळ आहेत. पण एक खूण लक्षात आली असेल. यांतली एकही वस्तू एकटी अशी नाही की केवळ तिच्यासाठी माणसाने चार दिवस मुक्काम टाकावा. त्या विखुरलेल्या आहेत. म्हणून दुसरा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. केव्हा?

थोडे पंचांग उघडू. ज्येष्ठ-आषाढात तुकोबांची पालखी या दोन तालुक्यांतून जाते. उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असा मुक्कामांचा क्रम. काटेवाडीला परीट मंडळी पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि धनगर आपल्या मेंढ्यांचे रिंगण करतात. बेलवाडीला गोल रिंगण होते. सराटीला पादुकांना नीरेचे स्नान घडते आणि पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरते. श्रावणात सोमेश्वर. भाद्रपदात आणि माघात मोरगावची यात्रा, त्या वेळी चिंचवडहून मोरयाची पालखी येते. पावसाळा सरता सरता माळावर गवत कमरेएवढे होते. मार्गशीर्ष-पौषात ज्वारी हुरड्यावर येते, जानेवारीत शेतीचे प्रदर्शन भरते. हिवाळ्यात पक्षी. वैशाखात नरसिंह जयंती, आणि त्याच सुमारास उजनीचे पाणी खाली गेले की पळसदेवचे जुने दगडी देऊळ पाण्यातून वर येते.

पाहा, वर्षाचा बहुतेक प्रत्येक महिना भरला! थंड हवेच्या ठिकाणी धंदा ठरावीक हंगामात जोरात आणि एरवी मंद, अशी स्थिती असते. इथे एकदम लोंढा येणार नाही, पण बारा महिने थोडे थोडे येत राहील. शेतकऱ्याला असाच जोडधंदा परवडतो. दूध रोज थोडे निघते, म्हणूनच ते घर चालवते.

पण 'केव्हा' या प्रश्नात आणखी एक मेख आहे. रोहित पक्ष्यांचेच घ्या. या पक्ष्याची चोच उलटी वळलेली असते. तो मान खाली घालून, चोच उलटी करून, उथळ पाण्यातला चिखल गाळतो आणि त्यातले शेवाळ व बारीक जीव खातो. त्या खाण्यातूनच त्याच्या पंखांना गुलाबी रंग येतो. म्हणजे त्याला पाणी हवे, पण गुडघाभर. धरण काठोकाठ भरलेले असले की काठालाही पाणी खोल असते. मग तो दुसरीकडे जातो किंवा उशिरा येतो. पाणी हळूहळू उतरू लागले, चिखलाचे पट्टे उघडे पडले की थवे दिसू लागतात. एखाद्या वर्षी डिसेंबरात भरपूर, तर एखाद्या वर्षी फेब्रुवारीपर्यंत वाट पाहावी लागते. कालव्याला पाणी केव्हा सोडले यावर पक्षी अवलंबून, आणि पक्ष्यांवर होडीवाला अवलंबून. म्हणून "अमक्या तारखेला या, हजारो पक्षी दाखवतो" असे छापील वचन देणे हा शहाणपणा नव्हे. गावातून कुणीतरी दर आठवड्याला पाण्याची पातळी आणि पक्ष्यांची गणती लिहून ठेवावी, आणि विचारणाऱ्याला खरे तेच सांगावे. एकदा फसलेला पाहुणा स्वतः येत नाही, आणि दहा जणांना येऊ देत नाही.

तिसरा प्रश्न पोचण्याचा आणि थांबण्याचा. पोचायला अडचण नाही. पुणे-सोलापूर महामार्ग भिगवण आणि इंदापुरावरून जातो. डिकसळपर्यंत तर 1858 सालीच पुण्याहून रेल्वे आली होती. दौंडहून बारामतीला गाडी आहे. 2021 मध्ये पालखी मार्गाच्या रुंदीकरणाचे भूमिपूजन झाले. रस्ते चांगले आहेत. पण चांगल्या रस्त्याचा एक दोषही असतो. त्याने माणूस जसा लवकर येतो तसा लवकर निघूनही जातो. मोरगावला भाविक येतो, दर्शन घेतो आणि लगेच पुढच्या गणपतीला निघतो. इतकी माणसे येऊनही चिंकाऱ्यांचा माळ जवळच आहे याची त्यांतल्या फार थोड्यांना कल्पना असते. कारण त्यांना ते कुणी सांगितलेलेच नसते.

थांबण्याची सोय म्हणजे मोठे हॉटेल, असे मात्र समजू नका. पाहुण्याला लागते काय? झोपायला स्वच्छ खोली, प्यायला चांगले पाणी, बाईमाणसाला निर्धास्त वापरता येईल असे स्वच्छतागृह, आणि वेळेवर गरम जेवण. यांतले तिसरे नसले तर बाकीचे सारे फुकट जाते. पक्षी पाहायला पहाटे निघालेल्या कुटुंबातल्या बायकांना दुपारपर्यंत आडोसा मिळत नसेल, तर ते कुटुंब पुन्हा येत नाही. एखाद्या गावाची पारख करायला पाहणी करणारा आला तर त्याने देवळाआधी स्वच्छतागृह पाहावे, असे मी म्हणेन.

आता चौथा प्रश्न, आणि खरा कळीचा. पैसा कुणाच्या हातात पडतो?

एक हिशेब मांडून पाहू. समजा, चार जणांचे एक कुटुंब पुण्याहून भल्या पहाटे निघाले. कुंभारगावच्या काठी होडीत बसले, दोन तास पक्षी पाहिले, आणि परत महामार्गावर जाऊन मोठ्या हॉटेलात जेवले. त्यांचा दिवसाचा खर्च चार हजार रुपये झाला असे धरा. त्यांतले पेट्रोलचे गेले, जेवणाचे महामार्गावर गेले, गावात राहिले ते होडीचे भाडे. आता तेच कुटुंब आदल्या संध्याकाळी आले असे समजा. रात्री गावातल्याच एका घरी ज्वारीची भाकरी आणि धरणातल्या मासळीचे कालवण जेवले. तिथेच झोपले. सकाळी होडी झाली, नंतर शेतावर हुरडा झाला, जाताना दोन किलो डाळिंबे आणि निमगाव केतकीची नागवेलीची पाने घेऊन गेले. खर्च थोडा वाढला, पण गावात राहिलेली रक्कम कितीतरी पटींनी वाढली. आणि ती एका नावाड्याच्या खिशात न राहता भाकरी करणारी बाई, खोली देणारे घर, फळवाला आणि पानमळेवाला अशा पाच-सहा हातांत गेली. म्हणून माझे म्हणणे असे की, गावात माणसे किती आली हे मोजू नका. रात्री किती मुक्काम झाले आणि रुपयातले किती पैसे गावात राहिले, ते मोजा.

हे नुसते बोलणे नाही. रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास पाहा. तिथे समुद्री कासवांची पिल्ले पाण्यात जाताना पाहायला माणसे येतात आणि गावकऱ्यांच्या घरीच राहतात, जेवतात. पूर्वी जी अंडी चोरीला जात, तीच आता गाव राखते. सातारा जिल्ह्यातल्या भिलारमध्ये 2017 पासून घराघरांत पुस्तके ठेवून 'पुस्तकांचे गाव' उभे केले आहे. इटली देशाने तर 1985 साली शेतावरच्या पाहुणचारासाठी कायदाच केला. त्याचे सूत्र असे की, शेतकऱ्याने पाहुणे जरूर ठेवावेत, पण त्याचा मुख्य धंदा शेतीच राहिला पाहिजे. आपल्याकडे, याच बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीत, कृषी पर्यटनाचा प्रयोग 2005 च्या सुमारास सुरू झाला आणि तो पाहून राज्यात ठिकठिकाणी शेतकऱ्यांनी केंद्रे काढली. महाराष्ट्र शासनाचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आले. म्हणजे वाट आपल्याच तालुक्यातून निघालेली आहे.

पाचवा प्रश्न झिजेचा. हा प्रश्न कुणाला विचारावासा वाटत नाही, म्हणून तो आधी विचारायला हवा.

होडी थव्याच्या फार जवळ नेली की पक्षी उडतात. पाहणाऱ्याला गंमत वाटते, चांगले चित्र मिळते. पण उडण्यात त्या पक्ष्याची ताकद खर्च होते आणि खाण्याची वेळ बुडते. रोज दहा होड्यांनी दहादा उडवले तर ते ती जागाच सोडतात. मग होडी राहते आणि पाहुणा जातो. नावाड्यांनी आपापसांत अंतर ठरवून घ्यावे आणि जो मोडेल त्याला बाकीच्यांनी अडवावे. त्याचप्रमाणे माणसांच्या जिवाचे. 21 मे 2024 रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचे प्राण गेले. ती होडी पर्यटकांची नव्हती, रोजच्या येण्याजाण्याची होती. पण पाणी तेच आणि वारा तोच. प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट, ठरलेल्यापेक्षा एकही माणूस जास्त नाही, आणि आभाळ भरले की होडी काठाला. एवढे तीन नियम जिथे पाळले जात नाहीत, तिथे पाहुणा बोलावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

पाण्याचेही पाहा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून शेवटी उजनीतच येते. उन्हाळ्यात पाणी हिरवे होते, वास येतो. शहराचा माणूस पक्षी पाहायला येतो तेव्हा त्याने हेही पाहावे, आणि नावाड्याने ते लपवू नये. वरच्या शहराने आपले पाणी शुद्ध करून सोडावे ही मागणी करायला तो पाहुणाच आपला साक्षीदार होईल.

माळाचे दुखणे वेगळे. माळ रिकामा दिसतो, म्हणून प्रत्येकाला तो भरावासा वाटतो. कुणी नांगर घालतो, कुणी मुरूम उचलतो, तर कुणी चांगल्या मनाने खड्डे घेऊन झाडे लावतो. पण चिंकाऱ्याला आणि लांडग्याला दाट झाडी नको असते, त्यांना उघडे गवत हवे असते. गवत गेले की तेही गेले, आणि मेंढपाळाचा चाराही गेला. पुणे वनविभागाने 2024 मध्ये शिर्सुफळ आणि कडबनवाडीला गवताळ माळाची सफर सुरू केली, ती या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. वाटा ठरवून दिल्या की गाड्या वाटेल तिकडे धावत नाहीत, आणि गावातल्या पोरांना वाटाड्याचे काम मिळते. पण तेवढ्याने भागणार नाही. लांडगा पाहायला पुण्याचा माणूस पैसे देणार, आणि त्याच लांडग्याने धनगराची मेंढी नेली तर नुकसान एकट्या धनगराचे, हा न्याय नव्हे. माळावरच्या उत्पन्नात मेंढपाळाचा वाटा आधी काढला पाहिजे. तो माळ शेकडो वर्षे चारून, राखून त्यानेच आपल्यापर्यंत आणला आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो. काही गोष्टी दाखवण्याच्या असतात, पण विकण्याच्या नसतात. काटेवाडीच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण ही सेवा आहे. वारकऱ्याला घातलेले जेवण हा धंदा नव्हे. ते पाहायला लोक खुशाल यावेत, पण त्याला तिकीट लावले की त्यातला जीव जाईल. पळसदेवचे देऊळ पाण्यातून वर आले की वर्तमानपत्रात चित्र येते, गर्दी होते. पण ते देऊळ ज्या गावाचे होते ते गाव धरणाखाली गेले. त्या गावातली माणसे आजही आहेत. आपल्या देवाचे दर्शन घ्यायला त्यांना पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागते. तिथे जाणाऱ्याने कोरीव दगडावर पाय देऊन चित्र काढण्याआधी काठावरच्या एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना विचारावे, "बाबा, तुमचं घर कुठं होतं?" ते हात करून पाण्यातली जागा दाखवतील. ती गोष्ट ऐकल्याशिवाय ते देऊळ पाहिले असे म्हणता येणार नाही.

तर मग पाचही प्रश्नांची उत्तरे एकत्र करून या दोन तालुक्यांची पारख काय ठरते? हा मुलूख गर्दीचे ठिकाण होण्याजोगा नाही, आणि तसा करू पाहिला तर पक्षी, माळ आणि पाणी तिन्ही हातचे जातील. जिरायतीच्या गावात उन्हाळ्यात माणसांनाच टँकरने पाणी आणावे लागते. तिथे पोहण्याचे तलाव बांधून पाहुणे बोलावणे हा अविचार होईल. पण लहान प्रमाणावर, घरोघरी, बारा महिने चालणारा पाहुणचार इथे नक्कीच जमण्यासारखा आहे. त्याची जागा कालव्याखाली कमी आणि कालव्याच्या वर जास्त आहे. ज्या गावाला ऊस मिळाला नाही, त्याच्याच वाट्याला चिंकारा आहे, मेंढरे आहेत, हुरडा आहे, रात्रीचे निरभ्र आभाळ आहे. आजवर ज्याला आपण कमतरता म्हणत होतो, तीच त्याची मिळकत होऊ शकते. मात्र ती पारख गावाने स्वतः करायला हवी. गावाने केली नाही तर बाहेरचा कुणी येऊन करील, माळ स्वस्तात घेईल, कुंपण घालील, आणि गावातली पोरे त्याच्या फाटकावर राखणदार म्हणून उभी राहतील.

इथे शिक्षकांकडे एक काम सोपवावेसे वाटते. शाळेत एक शंभर पानी वही घाला आणि तिला 'गावची नोंदवही' असे नाव द्या. सातवी-आठवीच्या मुलांना गटागटाने पाठवा. एका गटाने गावातल्या जुन्या वास्तू, विहिरी, वीरगळ, बारव यांची यादी करावी आणि त्यांच्याविषयी म्हातारी माणसे काय सांगतात ते लिहून घ्यावे. दुसऱ्याने वर्षभर कोणता पक्षी, कोणते फूल, कोणते पीक कोणत्या आठवड्यात दिसले ते लिहावे. तिसऱ्याने परगावाहून आलेल्यांना विचारावे की, कुठून आलात, काय पाहिलेत, किती वेळ थांबलात, कशाची अडचण झाली? चौथ्याने गावातल्या कोणत्या घरी रिकामी खोली आहे, स्वच्छतागृह आहे आणि चार माणसांचा स्वयंपाक करायची तयारी आहे, ते पाहावे. एक वर्षाने ही वही ग्रामसभेत वाचून दाखवा. मुलांचे अक्षर वेडेवाकडे असेल, पण त्यातली माहिती कोणत्याही कचेरीच्या अहवालापेक्षा भरवशाची असेल, कारण ती डोळ्यांनी पाहून लिहिलेली असेल.

कदाचित या वहीतून असेही निघेल की, आपल्या गावात पाहुणा बोलावण्याजोगे फारसे काही नाही, किंवा आहे पण पाणी पुरणार नाही. तसे निघाले तर तेही खुल्या मनाने मान्य करावे. कर्ज काढून खोल्या बांधून मग हे कळण्यापेक्षा दहा रुपयांच्या वहीत कळलेले बरे. आणि निघाले, तर सुरुवात एका घराने, एका खोलीने, एका होडीने करावी. पहिल्या वर्षी चार कुटुंबे आली आणि समाधानाने गेली तरी पुरे. शेती करणाऱ्या माणसाला बी पेरून वाट पाहणे नवे नाही.